त्या लाल औषधाचा मणी

चिठ्ठीवर तीनच ओळी होत्या. 'वय ९.' 'ते लाल औषध असतं ना, त्याच रंगाचा मणी पाहिजे.' आणि तिसरी ओळ, पेन्सिल चांगली दाबून लिहिलेली: 'फुलपाखरू नको.'

चिठ्ठी इंग्रजीत होती, पण ती शेवटची ओळ मला थेट आमच्या मिरजेच्या दुकानातून आल्यासारखी ऐकू आली. आई म्हणतेय हिरव्या भरा, आणि फ्रॉकातली पोर हात मागे ओढून म्हणतेय, 'हिरव्या नकोत.'

मी अ‍ॅरिझोनातल्या टूसॉन गावात राहते आणि घराच्या गॅरेजमध्ये काचेचे मणी करते. अकरा वर्षं झाली. यातले बहुतेक मणी आजारी मुलांकडे जातात. सुरुवात झाली ती इथल्या बाजारातून. दर वर्षी जानेवारीच्या अखेरीला टूसॉनमध्ये रत्नांचा आणि दगडांचा मोठा बाजार भरतो. हॉटेलांच्या खोल्यांत, रस्त्याकडेच्या तंबूंत, जिथे जागा मिळेल तिथे दुकानं लागतात. जगभरचे व्यापारी येतात, आपल्या फिरोजाबादचे आणि पुर्दिलनगरचे काचवालेसुद्धा. त्यांच्याशी दोन शब्द हिंदीत बोलायला म्हणून मी जायची. तिथेच एका तंबूत एका आईने आपल्या मुलाची माळ लांबट टेबलावर मांडून ठेवली होती. टेबल संपलं तरी माळ संपली नव्हती. उरलेली तिने परत वळवून आणली होती.

मी विचारलं तेव्हा तिने रंगांचा अर्थ सांगितला. सुई टोचली की काळा मणी. केमोथेरपी झाली की पांढरा. रक्त चढवलं की लाल. रुग्णालयात रात्र काढली की पिवळा. रेडिएशनचा मणी अंधारात चमकणारा. २००४ साली जीन ग्रिबन या परिचारिकेने फिनिक्सच्या मुलांच्या रुग्णालयात ही पद्धत 'बीड्स ऑफ करेज' या नावाने सुरू केली. आता ती इथल्या कितीतरी रुग्णालयांत आहे आणि संस्थेचं बिऱ्हाड आमच्याच गावात आहे. मुलाला आधी नावाच्या अक्षरांचा दोरा मिळतो, मग जे जे सोसून होईल त्याचा एकेक मणी. ल्युकेमियाच्या नेहमीच्या प्रकारात मुलांचे उपचार दोन-अडीच वर्षं चालतात. तेवढ्या काळात दोरा किती लांब होत असेल, ते मी त्या टेबलावर बघत होते.

आपल्याकडे बाळाला दृष्ट लागू नये म्हणून काळ्या मण्यांच्या मनगट्या घालतात. काळा मणी म्हणजे आधीच केलेला बंदोबस्त. इथे तो टोचून झाल्यावर मिळत होता, आणि एका दोऱ्यात इतके होते की माझा हात आपोआप गळ्यातल्या पोतीकडे गेला. मी त्या बाईंना म्हटलं, 'आम्ही बांगड्यावाले. काच मला नवीन नाही.' त्यांनी शेजारच्या टेबलाकडे बोट दाखवलं. तिथे एक पिकल्या केसांच्या बाई ज्योतीवर काचेची कांडी धरून मणी वळत होत्या. रोजचे काळे-पांढरे मणी कारखान्यातून येतात, पण ऑपरेशन, शेवटचा डोस, असल्या मोठ्या दिवसांसाठी हाताने केलेले मणी लागतात आणि ते काचकाम करणारी माणसं फुकट देतात, असं त्या पिकल्या केसांच्या बाई म्हणाल्या. त्याच वर्षी मी त्यांच्याकडे शिकायला लागले.

आम्ही कासार. आजोबांचं, म्हणजे तात्यांचं, बांगड्यांचं दुकान मिरजेत सतारमेकर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर. मिरज हे वाद्यांचं गाव तसंच दवाखान्यांचंही. १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी तिथे रुग्णालय काढलं, तेव्हापासून कोकणातून, कर्नाटकातून माणसं उपचाराला येत राहिली. पेशंट आत असायचा, सोबतच्या बाईला चार घटका मोकळ्या मिळायच्या, आणि ती बांगड्या भरायला आमच्याकडे यायची. कधी आजारी पोरच बरोबर असायची, एका हाताला चिकटपट्टी लावलेली. तात्या तिचा दुसरा हात हातात घ्यायचे, अंगठ्याखालचा उंचवटा दोन बोटांनी दाबून माप बघायचे आणि आईकडे न बघता विचारायचे, 'कुठला रंग पाहिजे गं तुला?' आई मध्ये बोलली तर म्हणायचे, 'हात तिचा आहे, वहिनी.'

आणि भरण्याआधी ते डझनाची जुडी कानाशी धरून हलवायचे. सगळ्या साबूत असल्या तर आवाज खणखणीत यायचा. एखादी जरी पिचलेली असली तरी सगळ्या जुडीचा आवाज बद्द व्हायचा. पिचलेली बांगडी डोळ्यांना दिसत नाही, ती हातात चढताना टिचते आणि मनगट कापते. तशी सापडली की तात्या ती काढून पायाशी डब्यात टाकायचे आणि 'ही वाढवली' एवढंच म्हणायचे. बांगडी फुटली असं आमच्या घरात कोणी म्हणत नसे. गॅरेजमध्ये मणी तडकला की माझ्या तोंडून आजही तोच शब्द निघतो.

काम सांगायला सोपं आहे. पोलादाच्या सळईला पातळ मातीचा लेप द्यायचा आणि तो वाळू द्यायचा, नाहीतर काच सळईला कायमची धरते. मग प्रोपेन आणि ऑक्सिजनच्या ज्योतीत एका हाताने काचेची कांडी वितळवायची आणि दुसऱ्या हाताने सळई फिरवत तिच्यावर काच गुंडाळायची. काच आधी एकतारी पाकासारखी होते. ज्योतीबाहेर काढली की दोन श्वासांत गोळीबंद. फिरवणं थांबलं की ती ओघळते, म्हणून हात थांबवायचा नाही. खाज आली तरी नाही, फोन वाजला तरी नाही. डोळ्यांवर जांभळट काचांचा खास चष्मा असतो. तो सोडियमचा पिवळा भडका गाळून टाकतो, नाहीतर ज्योतीच्या उजेडात काचच दिसत नाही.

मुलांच्या मण्यांना काही जास्तीचे नियम आहेत आणि ते मला मनापासून पटतात. भोकाची दोन्ही तोंडं बेंबीसारखी आत वळलेली हवीत, कारण तिथे धार राहिली तर दोरा कापला जातो आणि वर्षभराची माळ जमिनीवर सांडते. बाहेर आलेलं काही नको: कान, शेपूट, पंख, जे बेडच्या कठड्यावर आपटलं की तुटेल. मातीचा कण भोकात राहता कामा नये, कारण ज्या मुलांच्या हातात तो जाणार त्यांच्या अंगात साध्या जंतूंशी लढायचीही ताकद नसते. आणि मणी भट्टीत मुरलेला हवा.

मुरलेला हा माझा शब्द, लोणच्यावरून घेतलेला. काच बाहेरून आधी निवते आणि घट्ट होते. आतली अजून गरमच असते, ती नंतर आकसू बघते, पण बाहेरचं कवच तिला हलू देत नाही. ती ओढाताण काचेत तशीच कोंडून राहते. मणी सुंदर दिसतो, महिनाभर टिकतो, आणि एक दिवस कोणी हात न लावता दोन होतो. म्हणून ज्योतीवरून उतरवलेला मणी तडक भट्टीत ठेवायचा, ५१५ अंश सेल्सिअसच्या आसपास तासभर मुरवायचा आणि रात्रभर अगदी सावकाश उतरवायचा.

हे सगळं मला पाठ होतं. तरी माझ्या हातून झालं.

तीन वर्षांपूर्वीच्या जुलैची गोष्ट. इथेही पावसाळ्याला मॉन्सूनच म्हणतात. दुपारपर्यंत आभाळ कोरडं ठणठणीत आणि रात्री एकाएकी ढग फुटतात. त्या रात्री भट्टीत चौदा मणी होते. वीज गेली, परत आली, मी झोपेतच होते. सकाळी घड्याळाचे आकडे उघडझाप करताना दिसले तेव्हाच मला कळलं होतं की भट्टी मध्येच बंद पडली असणार. पण मण्यांवर ओरखडासुद्धा नव्हता. पार्सल त्याच दिवशी द्यायचं कबूल केलं होतं. मी मणी धुतले, पुसले आणि पाठवून दिले.

दोन आठवड्यांनी एक फुगीर पाकीट आलं. आत निळा देवमासा, मधोमध दोन झालेला, आणि एक कागद: 'पाकिटातून काढतानाच असा झाला. बरं झालं, मुलाच्या हातात जायच्या आधी झाला.' तोवर उरलेल्यांपैकी नऊ मणी मुलांना देऊन झाले होते.

आमची पाच-सहा काचवाल्यांची एक मंडळी आहे. संस्थेला पाठवतो त्याखेरीज आम्ही एका रुग्णालयातल्या मुलांनी स्वतः मागितलेले मणी करून देतो. तिथली एक मैत्रीण मुलांकडून चिठ्ठ्या गोळा करते. चाइल्ड लाइफ स्पेशालिस्ट हे तिचं पद. म्हणजे उपचार करायचे नाहीत, मुलाशी खेळायचं, त्याच्या अंगात जी नळी घालणार ती आधी बाहुलीला घालून दाखवायची, आणि खोटं बोलायचं नाही. चिठ्ठीवर ती नाव ठेवत नाही, आजार लिहीत नाही, फक्त वय. मुलांना मी कधी भेटत नाही आणि ते तसंच असायला हवं. तर त्या मैत्रिणीला मी फोन करून सगळं सांगितलं आणि म्हटलं, नऊही मणी परत माग. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, 'दिलेला मणी परत मागायचा? यांच्याकडून?' पण तिने विचारलं, खरं कारण सांगून विचारलं. सहा मणी आले. ते मी थंड भट्टीत ठेवले, फार हळू तापवले, पुन्हा पूर्ण मुरवले आणि तेच मणी त्याच मुलांना परत गेले. तिघांनी दिले नाहीत. त्या तिघांचे मणी कुठेतरी आहेत. जुलैत पहिली वीज चमकली की मी आधी त्यांचीच मोजदाद करते: एक कासव, एक जांभळा, एक पिवळा ट्रक.

त्यानंतर मी दोन पोलरायझिंग फिल्म आणल्या, पोस्टकार्डाएवढ्या. एकीवर दुसरी आडवी धरली की आरपार काळोख होतो. मधे नीट मुरलेला मणी धरला तर काळोख तसाच राहतो. मण्यात ओढाताण कोंडलेली असेल तर तेवढीच जागा उजळते, कधी कडेला चंद्रकोर, कधी भोकाभोवती फुली. पहिल्यांदा जुन्या डब्यातला एक मणी धरून बघितला आणि ती फुली दिसली तेव्हा मला जुडीचा तो बद्द आवाज ऐकू आला. तात्या कानाने बघायचे, मी आता अशी बघते. अपारदर्शक काचेतून मात्र काही दिसत नाही. म्हणून प्रत्येक घाण्यात मी सगळ्यांत मोठ्या मण्याएवढा एक बिनरंगी पारदर्शक मणीही ठेवते, त्या घाण्याचा साक्षीदार. तो काळा राहिला तरच घाणा बाहेर जातो. साक्षीदारांची आता एक बरणी भरली आहे. त्यांच्या देखणेपणाकडे मी कधी बघितलेलं नाही. बुडबुडे, कचरा, वाकडी भोकं, काहीही चालतं, कारण ते द्यायचे नसतात.

तर ते लाल औषध.

लाल मणी त्या चिठ्ठीवाल्या मुलीकडे असणारच, पण तो रक्ताचा. हा लाल वेगळा. मैत्रिणीने औषधाचं नाव सांगितलं: डॉक्सोरुबिसिन. ते द्यायला नर्स येते ती जाड गाऊन आणि एकावर एक दोन हातमोजे घालून, कारण थेंब कातडीला लागता कामा नये, शिरेबाहेर झिरपला तर आतलं मांस जाळतो. एवढं सांभाळून हाताळायचं औषध त्या मुलीच्या छातीत बसवलेल्या नळीतून सावकाश आत जातं. नंतर दिवसभर लघवी लालसर होते. मुलांना हे आधी सांगून ठेवावं लागतं, नाहीतर ती घाबरून जातात.

माझ्या मनात आलंच की एवढ्याशा पोरीला याची आठवण गळ्यात कशाला? सुचवावं का दुसरं काही, डाळिंबाचा दाणा वगैरे? पण मी ते बोलून दाखवलं नाही, कारण एकदा हात पोळून घेतला होता. एका मुलाने 'शाळेमागच्या रस्त्याच्या रंगाचा' मणी मागितला होता. मी करडी काच घेतली, आणि फार उदास दिसतो म्हणून वर चांदीचे बारीक ठिपके टाकले. निरोप आला: 'रस्ता चमकत नाही.' तो मुलगा कित्येक महिने शाळेत गेलेला नव्हता. त्याला तो रस्ता जसाच्या तसा पाहिजे होता आणि मी त्यावर माझी हौस शिंपडली होती. हात तिचा आहे, वहिनी. हे वाक्य मी लहानपणी हजारदा ऐकलेलं, आणि समजायला मला ते ठिपके टाकावे लागले.

या औषधाचं जुनं नाव अ‍ॅड्रियामायसिन. इटलीतल्या शास्त्रज्ञांनी मातीतल्या जिवाणूंपासून ते मिळवलं आणि तिथल्या अ‍ॅड्रियाटिक समुद्रावरून नाव ठेवलं; नव्या नावातला 'रुबी' म्हणजे माणिक, रंगावरून. हे वाचताना मी कपाटातल्या लाल कांड्यांकडे बघितलं. त्या येतात मुरानोहून. व्हेनिसने १२९१ साली आगीच्या धास्तीने आपल्या काचभट्ट्या शहराबाहेर ज्या बेटावर हलवल्या, ते मुरानो. त्याच समुद्राच्या काठचं. या योगायोगाचा उपयोग काहीच नव्हता, पण त्या दिवशी मला कांडी हातात घ्यायला त्याचा धीर आला, हे खरं.

पारदर्शक लाल काच लबाड असते. कांडी लाल दिसते, पण वितळली की रंग निघून जातो, पिवळसर पाणी उरतं. मणी वळून झाला की तो ज्योतीबाहेर धरायचा, आतली लाली विझेपर्यंत थांबायचं, आणि मग ज्योतीच्या अगदी टोकावर हलकेच शेकायचा. तेव्हा रंग उगवतो. मेंदी रंगते तसा, बघता बघता: पिवळा, केशरी, शेंदरी, लाल. जास्त शेकला तर काळपट तांबडा होतो आणि तिथून परत येत नाही. शिवाय भट्टीत मुरताना तो आणखी एक पायरी चढतो, म्हणजे ज्योतीवर थांबायचं ते हव्या रंगाच्या एक पायरी आधी, अंदाजाने.

पण हवा तो रंग कोणता? औषध मी प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं. फोटोंवर विश्वास नव्हता. मैत्रिणीला म्हटलं, तू रोज बघतेस, सांग. इथल्या वाळवंटात ओकोटिलो नावाचं झुडूप आहे. वर्षातला बराच काळ नुसत्या काटेरी छड्या, आणि वसंतात प्रत्येक छडीच्या टोकाला पेटलेला तुरा, पळस आणि पांगारा यांच्या मधला. ती म्हणाली, 'ओकोटिलोपेक्षा लाल, रक्तापेक्षा केशरी. आणि आरपार दिसणारा. अजिबात गढूळ नाही.'

जून सुरू होता. जूनमध्ये इथे दुपारी चाळीसच्या वर पारा जातो आणि गॅरेजमध्ये ज्योत पेटवणं शक्य नसतं, म्हणून मी पहाटे चारला उठते. दार अर्धं उघडं ठेवायचं, पंखा लावायचा, सात वाजता बंद. चार पहाटांत सात मणी केले. दोन काळवंडले. एकात रंग अर्धवट उगवला, एका बाजूला माणिक आणि दुसरीकडे चहा. एक 'वाढवला'. उरलेल्या तिघांना मी १, २, ३ अशा चिठ्ठ्या बांधल्या आणि पाठवून दिले. असं आम्ही सहसा करत नाही, मुलांना निवड करायला लावणं हे त्यांच्यावर ओझं होऊ शकतं. पण जिला फुलपाखरू नको हे इतकं पक्कं ठाऊक आहे, तिला रंगही ठाऊक असणार.

उत्तर पेन्सिलीतच आलं. 'नंबर २. पण नर्स सिरिंज खिडकीपुढे धरते तेव्हा कडेला केशरी दिसतं. ते यात नाही.'

मी ती चिठ्ठी तीन-चारदा वाचली. किती नीट बघितलं होतं तिने! ते औषध आपल्या अंगात जाणार आहे हे माहीत असताना, खिडकीच्या उजेडात, कडेपर्यंत. मोठ्या माणसांनी मान वळवली असेल, तिने वळवली नव्हती. तिला मणी पाहिजे होता तो त्या बघण्याचा. मला तर तिने एवढंच सांगितलं होतं की तुम्ही अजून नीट बघितलेलं नाही.

तिचं म्हणणं बरोबर होतं. जिथे थर पातळ तिथे रंग फिका, हे साधं आहे. सरबताच्या ग्लासातही दिसतं. माझा मणी गोल होता, सगळीकडे सारखा जाड, म्हणून सगळीकडे सारखा लाल. दुसऱ्या पहाटे मी गोल सोडून लांबट मणी वळला, मधे पोट आणि दोन्ही टोकांकडे निमुळता. पोटात काच जाड, तिथे नंबर दोनचा लाल. टोकांशी पातळ होत गेली तिथे तो आपोआप केशरी. रंग उगवायच्या वेळी मी श्वास रोखून धरला होता हे सळई भट्टीत ठेवल्यावर लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी सळई पाण्यात भिजवली, मणी फिरवून सुटा केला, सुईसारख्या कानशीने भोकातली माती खरवडून काढली आणि फिल्मच्या मधे धरला. काळोख. मग उठून तो पूर्वेकडच्या खिडकीपुढे धरला. उन्हाचा पहिला पट्टा आला होता. कडेला केशरी होतं.

मैत्रिणीने नंतर सांगितलं की पुढच्या डोसला त्या मुलीने मणी सिरिंजशेजारी धरला, बराच वेळ बघितला आणि म्हणाली, 'चालेल.'

आमच्या दुकानात बायका बांगड्या भरून झाल्या की हात वर करून उजेडात बघायच्या आणि अगदी हेच म्हणायच्या. तात्यांना दुसरी शाबासकी लागत नसे.

सप्टेंबरात त्याच दाबून लिहिलेल्या पेन्सिलीतली आणखी एक चिठ्ठी आली. वय आता १०. 'लाल औषध झालं की नळी धुवायला पाणी घालतात. मला तोंडात त्याची चव येते. त्या पाण्याच्या रंगाचा मणी.'

ते पाणी म्हणजे सलाइन. रंग नाहीच. बिनरंगी काच.

मी साक्षीदारांची बरणी टेबलावर पालथी केली. साठ-सत्तर मणी निघाले. एकेक उजेडात धरून बघितला. कशात बुडबुडा, कशात राखेचा कण, कशात भोकाच्या आत मातीची पांढरी साय, जी रंगीत मण्यात कधी दिसली नसती. यांतला एकही तिच्या नजरेतून सुटला नसता. इतकी वर्षं मी बिनरंगी काच सगळ्यात स्वस्त आणि सोपी म्हणून वापरली, आणि ती नीट कधी केलीच नव्हती.

बरणी परत भरून ठेवली. आता दोन दिवस झाले, मी पारदर्शक कांड्या निवडते आहे. टोकं कापून टाकते, कारण तिथे चिरांत हवा अडकते आणि तिचाच बुडबुडा होतो. मग एकेक कांडी साबणाच्या पाण्याने धुऊन, मऊ फडक्याने पुसून, बोट न लावता वर्तमानपत्रावर मांडते. ज्योत थोडी दूर ठेवावी लागेल, ऑक्सिजन थोडा वाढवावा लागेल, आणि घाई अजिबात नाही. मातीचा लेप या वेळी अगदी पातळ दिला आहे, आणि सळई वाळते आहे. पहाटे चारला बघू.